ऐकू न येणारा आवाज आणि न उच्चारायचा शब्द

चिपळूणला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "वेरूळ पाहिलंत?" नाही पाहिलं. "मग अजिंठा तरी?" तोही नाही. मकबरा तेवढा रिक्षातून लांबून दिसला, पण मी चष्मा पुसून डोळ्यांना लावेपर्यंत मागे गेला. छत्रपती संभाजीनगरला आठवडाभर राहून आलेल्या बाईने काय पाहिलं म्हणाल, तर एक पाण्याची टाकी, एक लोखंडाचा ठोकळा आणि एका मोटारीची मागची बाजू. शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की म्हटलं, सगळं नीट लिहूनच काढावं.

गारखेडा

माझ्या बहिणीचा मुलगा समीर आणि त्याची बायको रूपाली गारखेड्यात राहतात. समीर वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डिंग तपासतो. रूपाली फुलंब्रीच्या बाजूला एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज जाऊन येऊन. मी जन्मभर चिपळूणच्या शाळेत तेच शिकवलं, आणि निवृत्त झाले तरी माझी खोड गेलेली नाही. समोर कुणी लहान मूल दिसलं की त्याला काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे रूपालीला ठाऊक होतं. "मावशी, हुरड्याचे दिवस आहेत. या, आणि आमच्या पोरांना एक तास द्या," असा तिचा फोन आला आणि मी पिशवी भरली.

रात्रभरच्या बसबद्दल काही लिहीत नाही. उतरले तेव्हा पाठ लाकडाची झाली होती.

सकाळी चहा पिताना समीर मोबाईलकडे बघून म्हणाला, "चाळीस टक्के." मला वाटलं, बॅटरीचं म्हणतोय. तेवढ्यात समोरच्या दारातून आवाज आला, "काल पंचावन्न होतं हो!" मग कळलं की ते इमारतीच्या टाकीतलं पाणी. इथे नळाला रोज पाणी येत नाही. कधी येणार यावर माणसं क्रिकेटपेक्षा जास्त चर्चा करतात. आमच्याकडे पाऊस नको नको म्हणावा इतका, नदी घरात येते, आणि इथे लोक टक्क्यांवर दिवस काढतात. मी नळ मोकळा सोडून दात घासत होते, तो रूपालीने येऊन हळूच बंद केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टाकीत कोण जाऊन बघतं रे?" मी विचारलं.

"कोणी नाय. वर झाकणाला सेन्सर लावलाय. तो खाली आवाज सोडतो, पाण्याला धडकून आवाज परत येतो. लवकर आला म्हणजे टाकी भरलेली, उशिरा आला म्हणजे बोंबला."

"मग ऐकू कसा येत नाही?"

"मावशी, तू सायन्सची टीचर ना?"

मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून काढून घ्यायचं होतं. आवाज म्हणजे थरथर. एका सेकंदात वीस हजारांहून जास्त वेळा थरथर झाली की आपला कान हात टेकतो. तो आवाज असतो, पण आपल्यासाठी नसतो. हाच तो अल्ट्रासाउंड, श्रवणातीत आवाज. रूपालीच्या मुलांना काय शिकवायचं ते त्या चहाबरोबरच ठरलं.

वाळूज

दुसऱ्या दिवशी समीरने मला त्याच्या कारखान्यात नेलं. शिफ्टच्या वेळेला त्या रस्त्यावर मोटारसायकलींचा जो लोंढा निघतो, तो आमच्या पुरापेक्षा कमी नाही. आत मला हेल्मेट घातलं, त्यात मी अगदी खुळी दिसत होते, आणि तसा फोटो काढून समीरने आधीच सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

तो करतो काय, तर दोन जाड पत्रे जोडले की त्या जोडावर चिकट जेल लावतो आणि वरून एक खडूच्या डबीएवढी वस्तू फिरवतो. तिच्यातून आवाज लोखंडात शिरतो. हातातल्या पडद्यावर एक रेघ असते. आत सगळं ठीक असेल तर रेघ शेवटी एकदाच उडी मारते. मध्येच उडी मारली तर आत कुठेतरी चीर नाहीतर पोकळी आहे.

"म्हणजे माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसंच," मी म्हटलं.

"अगदी तसंच. फक्त ही टिचकी कानाला ऐकू येत नाय, अन् चीर नेमकी कुठं हाय ते पण सांगते."

साहेबांची परवानगी काढून त्याने ते यंत्र आणि सरावाचा एक ठोकळा दुसऱ्या दिवसापुरता घरी आणला. ठोकळ्याच्या बाजूने एक भोक पाडलेलं होतं. त्यावर आम्ही कागद चिकटवला, म्हणजे मुलांना ते आवाजानेच शोधावं लागेल. जेलची बाटली मी स्वतः फ्रीजवर ठेवली, सकाळी विसरायला नको म्हणून.

फुलंब्रीच्या रस्त्यावर

समीरने रजा काढली होती, त्याच्याच मोटारीने निघालो. हर्सूल मागे पडलं, चौक्याचा घाट चढला आणि दोन्ही बाजूंना कापसाची वाळकी रानं, तुरी, आणि मध्ये मध्ये ज्वारीचे हिरवे तुकडे. डोंगर बोडके. आमच्याकडे डोंगर झाडांत लपलेला असतो. इथे त्याचं हाड न् हाड दिसतं, आणि खरं सांगते, सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फार देखणं दिसतं.

वाटेत रूपालीने शोभाताईंबद्दल सांगितलं. त्या शाळेत पोषण आहार शिजवतात. नवरा जाऊन काही वर्षं झाली. मुलगी वैष्णवी सातवीत, वर्गातली सगळ्यात हुशार. शोभाताईंच्या उजव्या बरगडीखाली वर्षभरापासून कळा येतात. आल्या की घाम फुटतो, उलट्या होतात, बाई खाली बसते. फुलंब्रीच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, सोनोग्राफी करा. त्या जात नाहीत.

"पैशामुळे?"

"नाही हो मावशी. लाजेमुळे. गावात सोनोग्राफी म्हणजे एकच, पोटुशी बाई. विधवा बाई सोनोग्राफीला गेली हे पसरलं तर? त्या म्हणतात, मरेन पण तो बोभाटा नको." रूपाली खिडकीबाहेर बघत बोलत होती. "आता कळ आली की वैष्णवी वर्ग सोडून चुलीपाशी जाते. ह्या महिन्यात किती वेळा गेली. आई आडवी पडली तर पोरीची शाळा सुटलीच समजा."

तासभर आवाजाबद्दल बोलायला निघालेल्या मला ते सगळं एकदम पोरकट वाटायला लागलं.

शाळेत

शाळेच्या फाटकाबाहेर पाच-दहा पुरुष मोटारसायकलींना टेकून उभे होते. मला वाटलं, माझं स्वागत. मुख्याध्यापक जाधव सर मात्र घाम पुसत पुढे आले.

"रूपाली मॅडम, ग्रुपवर तुम्ही काय टाकलंत? 'उद्या शाळेत अल्ट्रासाउंड मशीन दाखवणार'? सकाळपासून फोन चालू हायेत. दोन बाया तर विचारून गेल्या, किती वाजता तपासणार म्हणून. अहो, गर्भलिंग तपासणीचा कायदा किती कडक हाय! ती मशीन परवान्याशिवाय जागची हलवता येत नाय, अन् तुम्ही शाळेत आणली!"

"सर, ही ती मशीन नाय," समीरने पेटी उघडून दाखवली. "ह्याच्यात फक्त लोखंड दिसतं."

"तुम्हाला लोखंड दिसतं हो. गावाला काय दिसतं ते बघा ना!"

एवढ्या कष्टाने आणलेला तास फाटकातच संपतो की काय, अशी वेळ आली. शेवटी सरांनी एक तोडगा काढला. यंत्र दाखवा, पण 'सोनोग्राफी' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. तुम्ही नाही, रूपाली मॅडमनी नाही, समीर भाऊंनी तर नाहीच. मी मान डोलावली. अल्ट्रासाउंड शिकवायचा आणि सोनोग्राफी म्हणायचं नाही, म्हणजे कोकण सांगायचं आणि समुद्राचं नाव घ्यायचं नाही.

सुरुवात अंगणात केली. एका मुलाला 'आवाज' केलं. त्याने धावत भिंतीला हात लावून परत यायचं, बाकीच्यांनी टाळ्या मोजायच्या. मग लांबच्या भिंतीला. जवळची भिंत असेल तर टाळ्या कमी, लांबची असेल तर जास्त, हे न सांगता सगळ्यांना कळलं. "वटवाघूळ अंधारात असंच मोजतं," मी म्हटलं, तर मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्या बारवेत लई हायेत, पण ती टाळ्या कुठं वाजवत्यात?" मी म्हटलं, वाजवतात, तुझ्या कानाला परवानगी नाही.

मग समीरची मोटार, तिच्याही मागच्या बाजूला टाकीसारखेच सेन्सर. इंजिन बंद, चाकांना दगड, फक्त रिव्हर्स गिअर टाकून चावी फिरवलेली. मुलं एकेक करून मागून जवळ यायची आणि गाडी टूं टूं करत बोंबलायची. ती टूं टूं आपल्यासाठी, खरा आवाज वेगळाच, हे दोनदा सांगावं लागलं. मग एका मुलीला कल्पना सुचली. ती धावत घरी गेली आणि गोधडी घेऊन आली. गोधडी पुढे धरून ती हळूहळू सरकली. गाडी गप्प! पार जवळ आली तेव्हा कुठे टूं झालं. जाड मऊ कापडाने आवाज गिळून टाकला, परत पाठवलाच नाही. हे माझ्या डोक्यात नव्हतं. ती मुलगी म्हणजेच वैष्णवी. दोन घट्ट वेण्या, आणि नजर अशी की शिक्षकाने चुकीचं बोलू नये.

वर्गात गेलो, ठोकळा टेबलावर ठेवला, आणि जेलची बाटली सापडेना. कशी सापडेल? ती गारखेड्यात फ्रीजवर सुखाने बसली होती. समीरने कोरडंच यंत्र फिरवून बघितलं. रेघ सरळ, काही हालचाल नाही.

"मधे हवा राहते," मी मुलांना सांगितलं. "हा आवाज हवेतून लोखंडात शिरताना दारातच अडकतो. काहीतरी ओलं, चिकट लावलं तर दार उघडतं. तेल चालेल."

वैष्णवी उठायच्या आत दारातून आवाज आला, "आणते." शोभाताई चुलीपाशी ऐकत होत्या. खोडकर डोळ्यांची, किडकिडीत बाई, एक हात उजव्या कुशीवर दाबलेला. त्यांनी तेलाची बाटली आणली, समीरच्या हातात दिली, आणि परत न जाता दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या.

तेलाचा थेंब टाकला, यंत्र सरकवलं, आणि रेघेने मध्येच उडी मारली. वर्ग ओरडला. समीरने कागद काढला, खाली भोक. मग प्रत्येकाला करून बघायचं होतं. ठोकळा, टेबल, समीरचा शर्ट, सगळं तेलकट झालं.

या गोंधळात वैष्णवीने हात वर केला. "मॅडम, माझ्या काकूच्या पोटाला डॉक्टरांनी थंड जेल लावलं होतं. सोनोग्राफीला. ते पण ह्याच्यासाठीच का? हवा जायला?"

खिडकीतून डोकावणारे पुरुष आणखी पुढे झुकले. मी जाधव सरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. आता शब्द काही मी उच्चारला नव्हता, आणि मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं मला या जन्मी जमणार नाही.

"हो," मी म्हटलं. "त्याच्याचसाठी."

"मग ते फक्त बाळ बघायलाच असतं का?" प्रश्न मला होता, पण ती बघत होती दाराकडे.

मी तोंड उघडलं. पण मी काय सांगणार? पुस्तकातलं. माझ्या आधी समीर बोलला.

"नाय ना. माझी झालीय की सोनोग्राफी."

एक क्षण कुणाला काही समजलंच नाही. मग अख्खा वर्ग फुटला. एवढा मिशीवाला माणूस! "तुम्हाला बाळ होतं का सर?" कुणीतरी विचारलं आणि समीर स्वतःच पोट धरून हसायला लागला. "मुतखडा होता बाबांनो! असा आडवा झालो, शर्ट वर केला, थंडगार जेल लावलं, गुदगुल्या झाल्या. खडा पडद्यावर दिसला. औषध घेतलं, गेला."

हसणं ओसरलं तरी वैष्णवी हसली नव्हती. "पुरुषांची पण करतात?" तिने पुन्हा विचारलं, एकेक शब्द सुटा करून.

तेव्हा जाधव सरांनी घसा साफ केला. त्यांनी घातलेली अट त्यांनीच मोडली. "करतात. माझी दोनदा झालीय."

"सर, तुमची? मग कधी बोलला नाय!" खिडकीतून कोणीतरी म्हणालं.

"सांगत फिरायची काय गोष्ट हाय का ती?" सर चिडले. मग तेच थांबले. खिडकीतला तो माणूस आधी इकडे तिकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तसं बघितलं तर... माझी बी झाली. लिव्हरची." त्याच्या मागून आणखी एकजण, "माझ्या म्हाताऱ्याची बी केलती." गावातल्या कितीतरी पुरुषांच्या पोटावर ते थंड जेल लागलं होतं आणि एकानेही घरी किंवा गावात सांगितलं नव्हतं. कुणी काही लपवलं होतं असंही नाही. विषयच निघाला नव्हता. त्या गप्प बसण्याची कळ मात्र दारातल्या बाईच्या कुशीत उठत होती.

मी दाराकडे बघितलं. शोभाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचंच असेल असं नाही.

हुरडा

दुपारी जाधव सरांनी आम्हाला त्यांच्या शेतात नेलं. सकाळची भीती उतरल्यावर माणूस एकदम दिलदार झाला होता. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. कोकणातल्या माणसाला ज्वारी म्हणजे फक्त भाकरी. हे हिरवं, गोड, धुरकट काहीतरी खाताना मी वालाच्या शेंगा मडक्यात भाजतात त्या आमच्या पोपटीची आठवण काढली आणि लगेच विसरले. माझा तळहात भाजला, तर सर म्हणाले, "मॅडम, हुरडा खायचा म्हणजे कातडं गहाण ठेवावं लागतं."

शोभाताई वैष्णवीला घेऊन आल्या होत्या, पण खात नव्हत्या. मी उठून बांधावर गेले तशा मागून आल्या.

"मॅडम, एक विचारू? तिथं सगळ्या पोटुश्याच बसलेल्या असत्यात ना?"

"असतील. पुरुषही असतील."

"गावात काय सांगू? परवा साडी घ्यायला जाते म्हणून सांगितलं तर?"

"सांगा."

"तुम्ही याल का संगं?"

मी हो म्हटलं. माझं परतीचं तिकीट परवाच्या सकाळचं होतं. ते समीरने पुढे ढकललं.

पुन्हा गारखेडा

शोभाताई वैष्णवीला घेऊन पहिल्या बसने आल्या, उपाशी पोटी यायला सांगितलं होतं तशा. पदर कपाळापर्यंत. समीरच्या घराजवळच्या तपासणीच्या ठिकाणी भिंतीवर मोठी पाटी, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. बाकांवर खरोखरच पोटुश्या बायकाच बायका. शोभाताई कोपऱ्यात बसल्या, मग उठल्या. "आपण जाऊ," त्या वैष्णवीला म्हणाल्या. "परत कवातरी येऊ."

"माय, तिकडं बघ ना," वैष्णवी म्हणाली.

पलीकडे एक टोपीवाले आजोबा हातात पाण्याची बाटली घेऊन कळवळत बसले होते. आमची नजर गेली तशी त्यांना कुणीतरी तक्रार ऐकणारं मिळालं. "काय सांगू ताई! पाणी प्या म्हणत्यात, अजून प्या म्हणत्यात, अन् बाथरूमला जायचं नाय म्हणत्यात. पाणी नसलेल्या शहरात माझ्याच पोटाची टाकी भरायला घेतलीय!"

शोभाताईंना हसू आवरेना. कळ आली तरी हसत राहिल्या, आणि बसल्या. वैष्णवीने आजोबांना समजावून सांगितलं की मूत्राशय पाण्याने भरलं की आवाजाला आत जायला सोपी वाट मिळते. मी फक्त ऐकत होते.

आत डॉक्टरबाईंनी आम्हाला येऊ दिलं. जेल लावल्यावर शोभाताई दचकल्या. पडद्यावर काळ्या पिशवीसारखं काहीतरी दिसलं, त्यात दोन-तीन पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मागे काळ्या पट्ट्या.

"हे खडे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पित्ताचे."

"अन् मागं अंधार हाय कारण आवाज खड्याच्या पलीकडं गेलाच नाय," वैष्णवी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "कोणी शिकवलं?"

"गोधडीवरून कळलं."

दुसरं काही वाईट दिसत नाही, वेळेवर आलात, छोट्या छिद्रांतून पिशवी काढता येते, सरकारी दवाखान्यात योजनेत होईल, तोवर तळलेलं बंद, असं सगळं डॉक्टरांनी सांगितलं. शोभाताई पोटावरचं जेल पुसत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?" मी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं होतं आणि मला ते मुळीच लपवायचं नव्हतं, पण चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही.

बाहेर त्यांना केळी आणि गरम दूध घेतलं. येताना समोरच्या दुकानातून एक साधी साडीही घेतली. गावात दाखवायला हवी ना, त्या म्हणाल्या.

बसस्टँड

फुलंब्रीची बस भरलेली होती. शोभाताई चढल्या, मागून वैष्णवी. मी खिडकीखाली उभी होते. आतून त्यांच्या गावच्या एका बाईने आवाज दिला, "शोभे, सकाळच्याला उठून कुठं गेलतीस गं?"

शोभाताईंनी हातातली साडीची पिशवी वर केली. मी मनात म्हटलं, सांगा, साडीच सांगा, काही हरकत नाही. मग ती पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली.

"सोनोग्राफीला," त्या म्हणाल्या. भर बसमध्ये, चुलीपाशी पोरांना जेवायला हाक मारावी तशा आवाजात.

पुढच्या सीटवरच्या दोघी वळल्या. कंडक्टरचा हात मशीनवर थांबला.

"गारखेड्यात केली. पित्ताचे खडे हायेत. काढत्यात ते. जाधव सरांची बी झालीय दोनदा."

ती बाई सरकली, शोभाताईंना खिडकीशी जागा केली आणि आपल्या कुशीवर हात ठेवला. गाडी सुटता सुटता तिचा दबका आवाज मला खाली ऐकू आला, "गारखेड्यात नेमकं कुठं हाय गं ते?"